गरुडाची नखी आणि तिसरा माणूस

१

डबी उघडली आणि आत नखी नव्हती.

साधी पारदर्शक डबी. तळाला स्पंज, झाकणावर नेझाच्या अक्षरात थराचं नाव. प्रोफेसर झाबुकोवेत्स म्हणाले, "नीट बघ." बोटभर डबीत नीट काय बघायचं असतं? तरी नेझाने स्पंज काढला, उलटा केला, झटकला. मग ती टेबलाखाली वाकली. मग प्रोफेसरही वाकले. मी खुर्चीतच बसून राहिले, कारण माझे गुडघे वाकत नाहीत आणि डोकं तर त्या क्षणी अजिबातच चालत नव्हतं.

रावनिक गावच्या अग्निशमन दलाच्या इमारतीत आमचं बिऱ्हाड होतं. खाली लाल बंब, वर आम्ही आणि आमची हाडं. हाडं जपणं हे माझं काम. गुहा वर डोंगरात. गावकरी तिला नुसतं 'झियाल्का' म्हणतात, म्हणजे आ वासलेली. तिथे निअँडर्थल माणसांच्या चुलीशेजारी आदल्या दिवशी दुपारी नेझाला ही नखी मिळाली होती. समुद्रगरुडाची. बुडाशी दगडी पात्याचे काप, बाजूला दोऱ्याने झिजून गुळगुळीत झालेली खाच आणि खाचेत गेरू. तो थर आपल्या जातीची माणसं इकडे येण्याच्या कितीतरी आधीचा.

"चाळीस वर्षं मला ऐकवतायत, की ती माणसं म्हणजे दोन पायांची अस्वलं," प्रोफेसर काल म्हणाले होते. "अस्वल गळ्यात दागिना घालतं का?" आणि चक्क रडले होते.

उद्या परीक्षक मंडळ येणार होतं. नखीशिवाय त्यांना दाखवायचं काय, रिकामा स्पंज?

नेझा सव्वीस वर्षांची. नखी तिला सापडली, डबी तिने खाली आणली, कपाटाला कुलूप तिने लावलं.

"चावी तुझ्याकडेच होती ना?" प्रोफेसरांनी विचारलं. आवाज फार मऊ होता. नेझाने वर पाहिलं, आणि त्या मऊपणाचा अर्थ तिला कळला हे मला दिसलं.

२

आमचा चौथा गडी एडविन. गुहेतले दिवे, शिड्या, प्लॅस्टर सगळं त्याच्या ताब्यात. तो खालच्या वाडीत राहायचा आणि त्या सकाळी अजून उगवला नव्हता. फोन लागतो का बघायला मी चर्चच्या पायऱ्यांवर गेले, कारण गावात तेवढ्याच जागी फोनला जीव असतो. तिथे पोचले तर दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. पाद्रीबुवांनी सांगितलं, की एडविनची मोटरसायकल काल संध्याकाळी घाटात घसरली, मांडी मोडली, डोक्याला मार, शस्त्रक्रिया झाली आणि अजून शुद्ध नाही. आणि फोनमध्ये त्याचाच निरोप होता, पडण्याआधीचा.

वीस वर्षं झाली मला स्लोव्हेनियात. तरी घाईच्या वेळी मी अजूनही मनात मराठी करूनच ऐकते. मला ऐकू आलं ते असं: "मृणाल, ती नखी... बंद करून टाकलीय आम्ही. आम्हीच! कसला गाढवपणा. मी वर येतोय. तोवर कुणीही काही उघडायचं नाही, कळलं ना?"

मागे वारा होता आणि तो धापा टाकत होता.

मी निरोप चारदा ऐकला. दरवेळी आणखीच गोंधळले. एडविन चोर? तो कोपरचा, समुद्राकडचा, माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे नोनाच्या गावाशेजारचा. कोपर म्हटलं की मला अजून हाताचं कोपर आठवतं, यावर तो वर्षानुवर्षं हसतोय. त्याने भाषा ऐकवली की मला घरी गेल्यासारखं वाटतं.

अर्थात घरीही माझी फजितीच व्हायची. नवी नवरी असताना नोना एकदा म्हणाल्या, "बाजारात निघालो." मी मान डोलावली आणि शेंगा सोलत बसले. मला वाटलं, त्या आणि सासरे निघालेत. बऱ्याच वेळाने बघते तर नोना दारात उभ्या, हातात दोन टोपल्या, चेहरा लालबुंद. "राणीसाहेब, पालखी मागवू का?"

असो. मी निरोप प्रोफेसरांना ऐकवला, त्यांनी पोलिसांना ऐकवला, आणि दुपारी कुनावेर आला.

३

बोल्टेझार कुनावेर हा जुन्या वस्तूंच्या चोऱ्या शोधणारा पोलीस. राजधानीचा, लुब्लियानाचा. आई व्याकरणाची शिक्षिका, हे त्याने नाव सांगण्याआधी सांगितलं. खिशात सफरचंद असायचं आणि कुणाची जबानी घेताना तो ते सोलत बसायचा, साल न तोडता.

त्याने निरोप एकदाच ऐकला.

"तीन," तो म्हणाला.

"काय तीन?"

"माणसं. निदान तीन. मॅडम, आमच्या भाषेत एक, दोन आणि पुष्कळ असं असतं. हा 'पुष्कळ'वाला बोलतोय. दोघं असते तर क्रियापद वेगळं झालं असतं."

मला शाळेतलं संस्कृत आठवलं. देवः, देवौ, देवाः. पाठ करताना सगळ्यात कंटाळा त्या मधल्याचाच यायचा.

"आणि 'उघडायचं नाही' म्हणजे तोंड उघडायचं नाही," कुनावेर म्हणाला. "पण त्याने हे तुम्हालाच का सांगितलं? त्या 'आम्ही'त तुम्ही आहात का?"

"मी? मी कशाला असेन?" मी इतकी भडकले, की त्याने साल जपत सुरी बाजूला धरली. "काल संध्याकाळभर मी घरमालकिणीकडे पीठ मळत होते. तिचं अख्खं घर साक्षीला आहे."

"आणि दुपारी?"

"दुपारी गुहेत. चुलीशेजारचा मातीचा मोठा गड्डा आख्खाच्या आख्खा काढायचा होता. ओल्या टिश्यू पेपरचे बोळे करून खाचाखोचांत भरायचे, वर गोणपाटाच्या पट्ट्या प्लॅस्टरमध्ये बुडवून गुंडाळायच्या. एडविन हाताला येईल तो बोळा पुढे करत होता, मी भरत होते. मध्येच त्याला काहीतरी टोचलं, तर त्याने माझ्यासमोर अशी शिवी हासडली, की गुहेतल्या अस्वलांनी कान झाकले असते."

"भांडण झालं?"

"शिवी काट्याला होती हो."

मग नेझा आली. तिचे डोळे सुजले होते.

"नखी सापडली. फोटो काढले. मृणालने सांगितलं होतं, वाळू द्यायची नाही, म्हणून ओल्या कागदात गुंडाळली. डबीवर नाव घातलं. आत ठेवली. बंद केली."

"याच क्रमाने?"

"हो. म्हणजे... मध्ये प्रोफेसरांनी हाक मारली होती. त्यांना भिंतीवरची काजळी दाखवायची होती."

"हाक आधी की डबी बंद आधी?"

तिचे ओठ हलत होते, मनात पुन्हा सगळं करून बघत असावी. "मी ठेवली होती," ती म्हणाली. मग हळूच, "ठेवली असणार."

"परत आल्यावर डबी कशी होती?"

"बंद. मी उचलून पिशवीत टाकली."

कुनावेरच्या सालीची गुंडाळी टेबलावर पडली. 'ठेवली होती' आणि 'ठेवली असणार' यांतला फरक व्याकरणाच्या शिक्षिकेच्या मुलाला कळणार नाही, असं कसं होईल? मला त्या पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि तरी मनात किडा वळवळत होताच, की हिने असं का म्हटलं?

४

राहिला गाश्पेर. गावचा गुरांचा डॉक्टर, दलाचा प्रमुख आणि इमारतीच्या प्रत्येक कुलपाची दुसरी चावी बाळगणारा एकमेव माणूस.

"चावी आहे," तो म्हणाला. "आंघोळीलाही नेतो. पण काल संध्याकाळभर मी कोवाचांच्या तबेल्यात होतो. घोडीचा पाय सुजलाय. एक्स-रेचं यंत्र तिथवर नेलं, आणि घोडीचं डोकं कुणी धरलं होतं, विचारा."

"कुणी?"

"मी," प्रोफेसर कोपऱ्यातून म्हणाले. "ती मला चावली." त्यांनी बाही वर करून दाखवलं.

कुनावेरने सगळ्यांना बंबाशेजारी गोळा केलं. आमचा प्लॅस्टरचा गड्डा तिथेच एका फळीवर वाळत पडला होता. कुनावेरने त्यावर सफरचंदाचा गाभा ठेवला. मी तो उचलला आणि त्याच्याकडे रागाने बघितलं. माझा गड्डा म्हणजे काय कचरापेटी आहे?

"सोपं आहे," कुनावेर म्हणाला. "निरोपात निदान तिघं. एक एडविन. डॉक्टर आणि प्रोफेसर एकमेकांसोबत, शिवाय घोडीसोबत. मॅडम पिठात. संध्याकाळी मोकळी होती फक्त कुमारी नेझा, आणि कपाटाची चावी तिच्याकडे. म्हणजे एडविन, नेझा आणि बाहेरचा कुणीतरी तिसरा. विकत घेणारा. तो कोण?"

"नाही हो! कुणी नाही!" नेझा ओरडली. "मी खोलीत एकटी होते."

"तेच म्हणतोय मी. एकटी."

"प्रोफेसर, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाहेरचा माणूस यात आला असेल," ते म्हणाले, "तर परीक्षक म्हणतील, की नखी मुळात बाहेरच्यानेच आणून ठेवली होती. मग सगळंच गेलं, नेझा. सगळंच." तिच्याकडे न बघता ते जिना चढून गेले.

नेझाला उद्या त्सेल्येला, मोठ्या पोलीस ठाण्यात नेऊन रीतसर आरोप ठेवायचं ठरलं. ती बंबाच्या पायरीवर बसली. आता रडतही नव्हती. ज्या पोरीने आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट मातीतून वर काढली, तिच्या नावापुढे चोर लागणार होतं, आणि पुराव्यात काय, तर एक क्रियापद. खरं सांगते, मीही तेव्हा त्या तिसऱ्या माणसाचा चेहरा मनात रंगवत होते. गाडी कुठली असेल, लुब्लियानाचा की इटलीचा, इथपर्यंत.

५

एडविन शुद्धीवर येतोय असा निरोप आला. डॉक्टर बोलू देणार नव्हते, पण कुनावेरला त्याचा चेहरा तरी बघायचा होता, आणि ओळखीचं माणूस म्हणून मी सोबत निघाले. गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हटलं, "चला, निघालो."

कुनावेरने किल्ली फिरवली. मग मागच्या सीटकडे वळून बघितलं.

"आणखी कोण येतंय?"

"कोणी नाही."

"मग थांबलोय कुणासाठी?"

"मला काय विचारता? तुम्हीच थांबलात."

"मॅडम, तुम्ही आत्ता जे बोललात ते तिघांसाठी असतं. निदान तिघांसाठी. वीस वर्षं राहून द्विवचन येत नाही तुम्हाला?"

मला रागच आला. "नोना असंच बोलतात. त्यांचं अख्खं गाव असंच बोलतं. तिकडे समुद्राकडे दोन म्हणजे पुष्कळच. तुमच्या राजधानीतल्या लोकांनी मला यावरून इतकं टोकलंय, की..."

मी थांबले. कुनावेरने गाडी बंद केली.

"एडविन कुठला?" त्याने विचारलं.

"कोपरचा."

"मला माहीत होतं हे," तो म्हणाला. "तिकडे द्विवचन नाही, आईने शिकवलंय. पण कानाला नव्हतं माहीत. तो शिकलेला, कितीतरी वर्षं आमच्यातच राहिलेला..."

"धापा टाकताना माणूस आईचीच भाषा बोलतो. आणि मला ते खटकलं नाही, कारण माझी भाषाही तीच."

"म्हणजे तिसरा माणूस नाहीच. एडविन आणि आणखी एक." त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. "निरोप आला तुम्हाला. मॅडम, पुन्हा विचारतो. त्या 'आम्ही'त तुम्ही आहात का?"

नाही, असं मी तोंड उघडून म्हणणारच होते. पण 'आम्ही' हा शब्द कुठून आला? एडविनने तो उच्चारलाच नव्हता. इथे सर्वनाम कोण बोलतं? क्रियापदाच्या शेपटीत सगळं बसतं. 'आम्ही' मी घातला होता, ऐकताना, मनातल्या मनात मराठी करताना. आणि मराठीत तर दोन आहेत. आम्ही म्हणजे तुला सोडून. आपण म्हणजे तुझ्यासकट. इथल्या भाषेला तो भेदच ठाऊक नाही.

दारात उभ्या नोना आठवल्या. हातात दोन टोपल्या. एक त्यांची, एक माझी.

"आपण!" मी मराठीतच ओरडले. मग त्याच्या भाषेत: "आपण बंद केली! अहो, मी आणि तो!"

"तुम्ही कबुली देताय?" कुनावेर गोंधळून म्हणाला.

"ओला कागद! नेझाने नखी ओल्या कागदात गुंडाळली, शेजारी ठेवली आणि काजळी बघायला गेली. डबी रिकामीच होती. एडविनने आवराआवरीत झाकण लावलं असणार. आणि आमचे बोळेही ओल्या कागदाचेच! हाताला येईल तो बोळा तो पुढे करत होता. त्याला काटा टोचला नव्हता. गुहेत आत काटे कुठून येणार? त्याला नखी टोचली! आणि मी ती माझ्या हाताने गड्ड्यात दाबली आणि वर प्लॅस्टर थापलं. संध्याकाळी हात धुताना त्याच्या डोक्यात लख्ख पडलं असेल. उघडायचं नाही म्हणजे तोंड नाही हो, गड्डा! तो नीट, त्याच्यासमोर उघडायचा होता."

कुनावेर एकदम म्हणाला, "मी त्यावर सफरचंदाचा गाभा ठेवला."

"ठेवलात."

६

"हे यंत्र घोडीसाठी आहे," गाश्पेर म्हणाला, "अस्वलांच्या मातीसाठी नाही. काही दिसलं नाही तर मला बोल लावायचा नाही."

गड्डा त्याच्या दवाखान्यातल्या टेबलावर होता. नेझाला मीच हात धरून आणलं होतं. काय घडलं ते तिला वाटेत सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "खात्री आहे?" मला खात्री नव्हती. तोपर्यंत माझ्या डोक्याचा इतका भुगा झाला होता, की स्वतःच्या नावाचीही खात्री नव्हती. प्रोफेसर दारापाशी उभे होते, आत यावं की नाही अशा बेतात.

पडद्यावर आधी नुसतं धुकं आलं. गाश्पेरने काहीतरी फिरवलं, पुटपुटला, पुन्हा फिरवलं. कडेच्या एका खाचेत फिकट डाग दिसायला लागला, आणि त्या डागाच्या पोटात एक बारीक, वाकडी, टोकदार रेघ.

"हीच," नेझा म्हणाली. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मीही रडले, लपवत नाही. कुनावेर भिंतीकडे वळून खिशातलं सफरचंद चाचपत राहिला.

मग नेझा पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हे काय आहे?"

बोळ्यापासून वीतभर खाली, जिथे माझा हात पोचलाच नव्हता, तिथे घट्ट मातीच्या आत तशीच दुसरी रेघ होती. तेवढीच वाकडी, उलट दिशेला तोंड केलेली. एकाच दोऱ्यात दोन नख्या ओवल्या तर दोरा कुजल्यावर अशाच पडतील.

"ही मी नाही ठेवली," नेझा पटकन म्हणाली. दिवसभरात तिला तीच सवय लागली होती.

"नाही," प्रोफेसर म्हणाले. ते कधी आत आले कळलंच नाही. "ही कुणीच नाही ठेवली, पोरी. ही त्यांनी ठेवलीय." त्यांनी पडद्याला हात लावला नाही, नुसता जवळ नेला. इतक्या हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दोन नख्या निवडल्या, कोरल्या, गेरू लावला, गळ्यात घातल्या. आता कुठल्याही परीक्षकाला म्हणता येणार नव्हतं, की ही बाहेरून आणली.

"दोन," कुनावेर भिंतीकडेच बघत म्हणाला. "शेवटी एकदाचं द्विवचन."

कोणी हसलं नाही. नेझा प्रोफेसरांकडे बघत होती. त्यांना ते जाणवलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नेझा," ते म्हणाले, "चुकलो."

मराठीत हा शब्द एकट्याचाही होतो. त्यांचा तसा नव्हता. तो अनेकवचनातला होता. नीट, शुद्ध, लुब्लियानाचं अनेकवचन, ज्यात पोलीस, मी, गाश्पेर, घोडी सगळे मावतील आणि कोणा एकाकडे बोट जाणार नाही.

कुनावेर वळला. "प्रोफेसर," तो अगदी अदबीने म्हणाला, "कोण कोण?"

प्रोफेसरांनी नेझाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं.

"मी," ते म्हणाले. "मी चुकलो. एकटा."

नेझाने मान हलवली. मग टेबलाजवळची खुर्ची ओढून पडद्यासमोर ठेवली आणि त्यांना म्हणाली, "बसा. इथून नीट दिसेल."